न टाकलेलं कार्ड

27 ऑक्टोबर 1938. गुरुवारची रात्र. जर्मनीतल्या हॅनोवर शहरात, बुर्गश्ट्रासे नावाच्या रस्त्यावरच्या 36 क्रमांकाच्या घराशी एक पोलीस येऊन उभा राहिला. आत झेंडेल ग्रिन्श्पान नावाचा शिंपी, त्याची बायको रिव्का आणि त्यांची दोन मोठी मुलं होती, बेर्टा आणि मार्कुस. पासपोर्ट घेऊन चौकीवर चला, लगेच परत याल, असं पोलिसाने सांगितलं. चौघं नेसत्या कपड्यांनिशी निघाली. चौकीत आणखी पुष्कळ माणसं होती, बायाबापड्या, म्हातारे, कडेवरची पोरं. सगळे ज्यू आणि सगळ्यांच्या हातात पोलंडचे पासपोर्ट. तिथून त्यांना एका सभागृहात नेऊन चोवीस तास बसवून ठेवलं. शुक्रवारी रात्री पोलिसांच्या ट्रकमधून, वीस-वीस जणांना कोंबून, स्टेशनावर नेलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती आणि ‘ज्यू चालते व्हा’ म्हणून ओरडत होती. या गर्दीत झेंडेलचे रोजचे शेजारी किती होते कोण जाणे. तो त्या शहरात सत्तावीस वर्षं राहिला होता.

त्या घरातला शेंडेफळ मुलगा त्या रात्री घरी नव्हता. त्याचं नाव हर्शेल. वय सतरा. दोन वर्षांपासून तो पॅरिसमध्ये काकाकडे होता.

इतिहासाच्या पुस्तकांत हर्शेल ग्रिन्श्पानला जागा मिळते ती साधारण दोन वाक्यांची. 7 नोव्हेंबर 1938 रोजी त्याने पॅरिसच्या जर्मन वकिलातीत एका अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या, म्हणून 9 नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग जाळली गेली. या दोन वाक्यांना जोडणाऱ्या ‘म्हणून’शी माझं भांडण आहे. गोष्ट गोळीपासून सुरू केली की ती नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला हवी तशी सांगून होते. ती त्या गुरुवारच्या रात्रीपासून सांगायला हवी. खरं तर त्याच्याही मागून.

झेंडेल आणि रिव्का 1911 मध्ये पोलंडच्या रशियाच्या ताब्यातल्या भागातून हॅनोवरला आली. रशियन साम्राज्यात ज्यूंवर होणाऱ्या हल्ल्यांना कंटाळून पश्चिमेकडे निघालेल्या हजारो कुटुंबांपैकी हे एक. घरात यिडिश, बाहेर जर्मन. सहा मुलं झाली, त्यातली तीन मोठेपणापर्यंत पोहोचली. हर्शेल 28 मार्च 1921 रोजी हॅनोवरमध्येच जन्मला. पण जर्मनीचा 1913 सालचा नागरिकत्वाचा कायदा रक्त पाहायचा, जन्मभूमी नाही. परदेशी बापाचा मुलगा जर्मन मातीत जन्मला तरी परदेशीच. पहिलं महायुद्ध संपून पोलंड स्वतंत्र झाला, तेव्हा या कुटुंबाच्या वाट्याला पोलिश नागरिकत्व आलं. म्हणजे हर्शेल पोलंडचा नागरिक होता, आणि त्याला पोलिश भाषा येत नव्हती.

आपल्याकडे ओळख निघाली की पहिला प्रश्न असतो, ‘गाव कोणतं?’ उत्तर देताना कुणी चाचरत नाही. पोटासाठी तीन पिढ्या मुंबईत काढलेला माणूसही रत्नागिरीच्या एखाद्या वाडीचं नाव सांगतो. हर्शेलला हा प्रश्न कुणी विचारला असता, तर त्याचं गाव हॅनोवर होतं, आणि ते उच्चारायचा हक्क त्याला कोणत्याच कागदाने दिला नव्हता.

तो अकरा वर्षांचा होता तेव्हा हिटलर सत्तेवर आला. अंगाने किरकोळ, बुटका, हुशार पण अभ्यासात रमणारा नव्हे, चटकन भडकणारा, असं त्याचं वर्णन ओळखीच्यांनी केलं आहे. चौदाव्या वर्षी, 1935 मध्ये, त्याची शाळा सुटली. ज्यू मुलाला उमेदवारीवर कोण ठेवणार? आईवडिलांनी त्याला फ्रांकफुर्टच्या येशिवात, धर्माध्ययनाच्या पाठशाळेत, पाठवलं. तिथे तो वर्षभरही टिकला नाही. पॅलेस्टाइनला जायचं त्याच्या मनात होतं, पण वय कमी पडतं म्हणून थांबायला सांगितलं गेलं. मग 1936 मध्ये घरच्यांनी त्याला आधी ब्रुसेल्सला एका काकाकडे धाडलं आणि तिथून तो सप्टेंबरात परवान्याशिवाय सरहद्द ओलांडून पॅरिसला आला. तिथला काका अब्राहम आणि काकू खावा यांना मूल नव्हतं. काकाचाही धंदा शिंप्याचाच. ज्यू निर्वासितांची दाट वस्ती, छोटी घरं, दिवसभर शिवणयंत्रांची खडखड. यिडिश बोलणाऱ्या पोराला तिथे फारसं परकं वाटलं नसणार.

यापुढची दोन वर्षं म्हणजे कागद संपत जाण्याची गोष्ट आहे. जर्मनीत परत येण्याचा परवाना एप्रिल 1937 मध्ये संपला. पोलिश पासपोर्टची मुदत 1938च्या सुरुवातीला संपली. फ्रान्समध्ये राहण्यासाठी त्याने अर्ज केला, तो फेटाळला गेला, आणि ऑगस्ट 1938 मध्ये देश सोडून जाण्याचा हुकूम आला. जायचं कुठे? जुलै महिन्यात फ्रान्समध्येच, एव्हियाँला, 32 देशांचे प्रतिनिधी निर्वासित ज्यूंचं काय करायचं हे ठरवायला जमले होते. सहानुभूती सगळ्यांनी दाखवली, दार जवळपास कुणीच उघडलं नाही. हुकूम आल्यापासून हर्शेल एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत लपून राहू लागला. ज्या वयात मुलं आपण पुढे कोण होणार याची स्वप्नं पाहतात, त्या वयात जिन्यावर पावलं वाजली की त्याला श्वास रोखावा लागत होता.

दरम्यान दोन सरकारांचा एक खेळ चालू होता. जर्मनी आपल्याकडचे पोलिश ज्यू परत पाठवेल ही भीती पोलंडला वाटत होती. म्हणून 31 मार्च 1938 रोजी पोलंडने कायदा केला: पाच वर्षांहून जास्त काळ परदेशात राहिलेल्याचं नागरिकत्व काढून घेता येईल. ऑक्टोबरमध्ये पुढचं पाऊल. वकिलातीचा खास शिक्का नसलेला पासपोर्ट 30 ऑक्टोबरपासून पोलंडमध्ये शिरायला चालणार नाही. आता भीती जर्मनीला: ही हजारो माणसं कुठल्याच देशाची न राहता आपल्याच गळ्यात पडतील. मुदत संपायच्या आत त्यांना सरहद्दीपार ढकलायचं असं बर्लिनने ठरवलं. दोन-तीन दिवसांत देशभरातून सुमारे 17,000 माणसं उचलली गेली. ग्रिन्श्पान कुटुंब त्यांतलं.

शनिवारी, शब्बाथच्या पवित्र दिवशी, पहाटे गाडी नॉय-बेंचेन या जर्मनीच्या शेवटच्या स्टेशनावर थांबली. लाइपझिग, कलोन, एसेन, ब्रेमेन, जिथून तिथून गाड्या आल्या होत्या. झडती झाली. दहा मार्कांपेक्षा जास्त पैसे जवळ असतील तर काढून घेतले गेले. मग सरहद्दीपर्यंत सुमारे दोन किलोमीटर चालत. रेंगाळणाऱ्यांवर चाबूक उठत होते, रस्त्यावर रक्त सांडलं होतं. पलीकडच्या पोलिश पहारेकऱ्यांना आधी काही कळेना. झ्बॉन्शिन हे सरहद्दीवरचं छोटं गाव, त्याच्या वस्तीहून जास्त माणसं एका दिवसात त्याच्या वेशीवर येऊन पडली. लष्करी घोड्यांच्या तबेल्यांत त्यांना ठेवलं गेलं. रविवारी पोझनानहून पावाचा ट्रक आला. पोलंड त्यांना आत घेईना, जर्मनी परत घेईना. पुढे कित्येक महिने हजारो माणसं तशीच तिथे अडकून राहिली. मदतकार्याला वॉर्सॉहून गेलेल्यांत इमान्युएल रिंगेलब्लुम नावाचा इतिहासकार होता. वॉर्सॉच्या घेटोतल्या जीवनाची नोंद जमिनीखाली पुरून ठेवणारा तो हाच.

31 ऑक्टोबरला बेर्टाने तिथून धाकट्या भावाला पोस्टकार्ड लिहिलं. रात्री पोलीस कसा आला, घरातून काही घेऊही दिलं नाही, जवळ पै नाही, काही पाठवता आलं तर पाठव. कार्ड 3 नोव्हेंबरला पॅरिसला पोहोचलं. यिडिश वर्तमानपत्रांत सरहद्दीवरच्या बातम्या येतच होत्या. आता त्या बातमीला बहिणीचं अक्षर मिळालं.

6 नोव्हेंबरच्या रविवारी हर्शेलचं काकाशी कडाक्याचं भांडण झालं. घरच्यांना लगेच पैसे पाठवा असा त्याचा हट्ट, नक्की काय ते कळू दे, मग बघू असं काकाचं म्हणणं. काकाचं फारसं चुकलं होतं असं मला वाटत नाही. बिनपरवान्याचा पुतण्या घरात लपवून तो स्वतःच तुरुंगाच्या वाटेवर उभा होता, आणि पुढे त्यासाठी त्याला आणि काकूला शिक्षा झालीच. पण सतराव्या वर्षी ‘थांब’ हा शब्द ऐकू येत नाही. हर्शेल घराबाहेर पडला. ती रात्र त्याने एका स्वस्त हॉटेलात खोट्या नावाने काढली. सकाळी एका शस्त्रांच्या दुकानात जाऊन 235 फ्रँकला एक छोटं रिव्हॉल्व्हर आणि गोळ्या घेतल्या, आणि रू द लीलवरच्या जर्मन वकिलातीकडे निघाला.

त्याच्या खिशात आईवडिलांच्या नावे लिहिलेलं एक कार्ड होतं. मला माफ करा, तुमच्यावर आणि हजारोंवर जे गुदरलं ते ऐकून काळीज फाटलं, साऱ्या जगाला ऐकू जाईल असा निषेध मला केलाच पाहिजे, अशा आशयाचं. ते त्याने टपालात टाकलं नाही. टाकलं असतं तरी पत्ता काय लिहायचा? बुर्गश्ट्रासेवर आता कुणी नव्हतं.

साडेनऊच्या सुमाराला तो वकिलातीच्या दाराशी पोहोचला. राजदूत वेल्चेक नेमके सकाळच्या फेरफटक्याला बाहेर पडले होते, दोघं एकमेकांजवळून गेले असं सांगतात. महत्त्वाचा कागद द्यायचा आहे, असं त्याने आत सांगितलं. कारकुनाने त्याला एर्न्स्ट फॉम राट या 29 वर्षांच्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या खोलीत नेऊन सोडलं. हर्शेलने पाच गोळ्या झाडल्या, दोन लागल्या. तो पळाला नाही. फ्रेंच पोलीस आले, त्यांच्या हाती त्याने निमूटपणे स्वतःला दिलं आणि आपण हे का केलं ते सांगितलं.

फॉम राटने ग्रिन्श्पान कुटुंबाचं काहीही वाकडं केलं नव्हतं. त्याच्या मृत्यूला न्याय्य म्हणणं मला जमत नाही, आणि हर्शेलवरच्या अन्यायाचं वजन त्याने कमी होत नाही. ही दोन्ही ओझी एकदमच उचलावी लागतात.

हिटलरने आपला खासगी डॉक्टर पॅरिसला धाडला. 9 नोव्हेंबरला संध्याकाळी फॉम राट गेला. हा नाझी पक्षाचा मोठा दिवस. 1923च्या फसलेल्या उठावाच्या स्मरणार्थ सगळे जुने पुढारी म्युनिकमध्ये जमले होते. गोबेल्सने तिथे भाषण केलं, आणि तिथूनच फोनवरून गावोगावी हुकूम सुटले. मात्र हे विसरू नये की कासेलमध्ये आणि आसपास सिनेगॉगांवर हल्ले 7 नोव्हेंबरच्याच रात्री सुरू झाले होते, फॉम राट जिवंत असताना. क्रिस्टालनाख्ट, काचांची रात्र, या नावाने जे ओळखलं जातं त्यात हजाराहून अधिक सिनेगॉग आणि प्रार्थनाघरं उद्ध्वस्त झाली, सुमारे 7,500 दुकानं फुटली, सरकारी आकड्याप्रमाणे 91 माणसं मारली गेली आणि खरा आकडा त्याहून पुष्कळ मोठा. सुमारे 30,000 ज्यू पुरुषांना डाखाऊ, बुखेनवाल्ड आणि साखसेनहाउझेनच्या छळछावण्यांत डांबलं गेलं. वर ज्यूंवरच एक अब्ज मार्कांचा दंड बसला. हॅनोवरचं भव्य सिनेगॉग त्याच रात्री पेटवलं गेलं. एवढी यंत्रणा, एवढ्या याद्या, छावण्यांतल्या एवढ्या जागा दोन दिवसांत उभ्या राहत नाहीत. सबब हवी होती, ती मिळाली.

तुरुंगात ही बातमी ऐकल्यावर त्या मुलाचं काय झालं असेल? आपल्यामुळे हे झालं या समजुतीने तो खचला, उपासतापास करू लागला. बाहेर पुष्कळ ज्यूही त्याला दोष देत होते. हा पोर नाझींचाच हस्तक असावा, अशीही कुजबुज होती.

पण त्याचं ऐकणारंही कुणी होतं. अमेरिकन पत्रकार डोरोथी थॉम्प्सन हिने 14 नोव्हेंबरला रेडिओवरून लाखो लोकांसमोर विचारलं, की खटला नक्की कुणावर चालायला हवा? तिच्या आवाहनातून त्याच्या बचावासाठी 40,000 डॉलरहून जास्त निधी उभा राहिला. ज्यूंनी पैसे देऊ नयेत असं तिने मुद्दाम सांगितलं, म्हणजे नाझींना ‘ज्यूंचा कट’ म्हणायला जागा उरणार नाही. त्या पैशातून व्हँसाँ द मोरो-जाफेरी हा फ्रान्सचा नावाजलेला वकील उभा राहिला. लंडनमध्ये मायकेल टिपेट या संगीतकाराने हर्शेलच्या गोष्टीवरून ‘अ चाइल्ड ऑफ अवर टाइम’ ही मोठी संगीतरचना केली. 1944 मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला तेव्हा लंडनवर अजून बॉम्ब पडत होते आणि हर्शेल कुठे आहे हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं.

खटला काही उभा राहीना. फ्रान्सच्या सरकारला बर्लिनला दुखवायचं नव्हतं. डिसेंबर 1938 मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप सलोख्याच्या जाहीरनाम्यावर सही करायला पॅरिसला आला होता. मग महायुद्ध आलं. हर्शेल फ्रेनच्या तुरुंगात दीड वर्षाहून जास्त काळ नुसताच पडून होता.

जून 1940 मध्ये जर्मन फौजा पॅरिसजवळ आल्या तशी कैद्यांना दक्षिणेकडे हलवायला सुरुवात झाली. ऑर्लेआँहून बूर्जकडे जाताना ताफ्यावर विमानं आली. काही कैदी पळाले. हर्शेलपुढे मोकळं आकाश होतं. तो चालत बूर्जला गेला आणि अधिकाऱ्यांपुढे हजर झाला. तिथल्या सरकारी वकिलाने शहाणपणाने त्याचं नाव नोंदवलंच नाही, त्याला तूलूजच्या दिशेने जायला सांगितलं. जर्मन मागावर होते, त्यामुळे दक्षिणेत मिसळून जा असाच त्याचा अर्थ असावा. हर्शेल तूलूजला पोहोचला आणि तिथल्या तुरुंगाचं दार त्याने स्वतः ठोठावलं.

पलायनाची अशी संधी सोडणारा मुलगा भाबडा असला पाहिजे, असं लिहिलं जातं. मला ते पटत नाही. जवळ पैसा नाही, ओळखीचं माणूस नाही, तोंडात परकी फ्रेंच, आणि त्याचा फोटो युरोपभर छापून गेलेला. कुठल्याच देशाने आत न घेतलेल्या या मुलाचं नाव एका तुरुंगाच्या वहीतच अधिकृतपणे नोंदलेलं होतं.

फ्रान्सने शरणागतीचा जो करार केला होता त्याच्या 19व्या कलमानुसार जर्मनी मागेल त्या जर्मन माणसाला ताब्यात द्यायचं होतं. हर्शेल एक दिवसही जर्मन नागरिक नव्हता. आईबाप जर्मन नाहीत म्हणून त्यांना सरहद्दीवर चाबकाने हाकललं होतं त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. फ्रान्सच्या विशी सरकारने 18 जुलै 1940 रोजी त्याला जर्मनांच्या स्वाधीन केलं.

गोबेल्सला खटला हवा होता, आणि मोठा हवा होता. जगभरच्या ज्यूंनी या मुलाच्या हातून गोळी झाडून युद्ध पेटवलं, असं साऱ्या जगापुढे ‘सिद्ध’ करायचं होतं. परदेशी पत्रकार बोलवायचे, फ्रान्सचा माजी परराष्ट्रमंत्री साक्षीला उभा करायचा, सगळं ठरत होतं. मे 1942ची तारीख धरली गेली. पूर्वेकडे याच महिन्यांत ज्यूंच्या संहाराची केंद्रं उभी राहत होती. खटला त्या संहाराला जगासमोर न्यायाचा पोशाख चढवणार होता.

आणि बर्लिनच्या मोआबिट तुरुंगाच्या आणि साखसेनहाउझेन छावणीच्या कोठड्यांत एकट्या पडलेल्या, आता विशीत आलेल्या या मुलाने एक गोष्ट सांगितली. फॉम राटशी आपले समलैंगिक संबंध होते, भांडण त्यातून झालं. ही कल्पना मुळात मोरो-जाफेरीची. पॅरिसमध्ये बचाव म्हणून त्याने ती सुचवली होती आणि तेव्हा हर्शेलने ती झिडकारली होती. आपण आपल्या लोकांसाठी हे केलं, हाच त्याचा एकमेव आधार होता आणि तो कशासाठीही सोडायला तो तयार नव्हता. काही थोड्या अभ्यासकांना तसे संबंध खरेच असावेत असं वाटलं, बहुतेकांना ते बनावट वाटतात, मलाही. पण गोबेल्सला ही गोष्ट भर न्यायालयात नको होती. ज्याला राष्ट्राचा हुतात्मा म्हणून मिरवलं, ज्याची सरकारी इतमामाने अंत्ययात्रा काढली, त्याच्याबद्दल हे जगापुढे बोललं जाणार. गोबेल्सच्या रोजनिशीत या ‘निर्लज्ज’ युक्तीवरचा संताप उतरला आहे. खटला पुढे ढकलला गेला, आणि मग कधीच झाला नाही.

साऱ्या जगाला ऐकू जावं म्हणून ज्याने रिव्हॉल्व्हर उचललं, त्याने जगाने ऐकायच्या क्षणी स्वतःचंच म्हणणं पुसून टाकलं. पुढच्या पिढ्या आपल्याला काय म्हणतील याची पर्वा न करता. पॅरिसमध्ये त्याने जे केलं ते रागाने केलं. बर्लिनमध्ये जे केलं ते समजून उमजून केलं, आणि त्याचं खरं धैर्य मला इथे दिसतं.

1942च्या शरदापर्यंत तो जिवंत होता. त्यानंतर नक्की माग लागत नाही. युद्धानंतर तो नाव बदलून पॅरिसमध्ये राहतो अशा वावड्या उठत राहिल्या. आईवडिलांनी त्यांवर कधी विश्वास ठेवला नाही. जिवंत असता तर त्याने आम्हाला पत्र टाकलं असतं, त्यांचं साधं म्हणणं होतं. 1960 मध्ये त्यांच्या अर्जावरून जर्मन न्यायालयाने त्याला मृत जाहीर केलं आणि तारीख घातली 8 मे 1945, युरोपातल्या युद्धसमाप्तीची. बेर्टा त्या युद्धातून वाचली नाही. आईवडील आणि मार्कुस सोव्हिएत हद्दीत निसटले होते, ते पुढे इस्राएलला पोहोचले.

25 एप्रिल 1961 रोजी जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आयखमनच्या खटल्यात झेंडेल ग्रिन्श्पान साक्षीला उभे राहिले. त्या खटल्याबद्दल फार कडक लिहिणाऱ्या विचारवंत हाना आरेन्टनेही या म्हाताऱ्याच्या साक्षीपुढे मान झुकवली आहे. हर्शेलबद्दल मात्र तिच्या लेखणीला कणव नव्हती. साक्ष जेमतेम दहा मिनिटांची. मुलाने काय केलं यावर ते थांबले नाहीत. गुरुवारची रात्र, चौकी, सभागृह, ट्रक, दहा मार्क, चाबूक, तबेले, पावाचा ट्रक, सगळं ओळीने, आवाज न चढवता सांगितलं. आणि मग सांगितलं की झ्बॉन्शिनहून मी फ्रान्सला माझ्या मुलाला पत्र लिहिलं: आता जर्मनीच्या पत्त्यावर पत्रं पाठवू नकोस, आम्ही इथे आहोत.